एका नाटकात काळा पोशाख एकच

दुकान वेगळं काढा, असं मी म्हटलं होतं. एकदा नाही, चांगलं चार-पाचदा म्हटलं होतं, आणि शेवटच्या वेळी आवाज चढवून म्हटलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्याकडून काही कबूल करून घेतल्याचा आनंद पुढे कोणाला मिळायला नको.

आमचा धंदा ड्रेपरीचा. नाटकाचे, शाळेच्या गॅदरिंगचे, फॅन्सी ड्रेसचे कपडे भाड्यानं द्यायचे. सासऱ्यांचं, म्हणजे अब्बांचं, दुकान पेठेत. खाली दुकान, वर घर. पुण्यातल्या कितीतरी शाळांच्या स्टेजवर महाराजांपासून भाजीवालीपर्यंत जे कोणी उभं राहिलं ते आमच्या कपड्यांत उभं राहिलं. अंगरख्यांना जरीची किनार लावायचं काम अब्बा कोणाला द्यायचे नाहीत. दुकानाच्या पायरीजवळ उजेडात बसून स्वतः लावायचे, आणि कोणी घाई केली तर म्हणायचे, "महाराजांना थांबायला सांगा."

त्यांची एक पद्धत होती. प्रत्येक पात्राचं वेगळं गाठोडं बांधायचं आणि त्याला चिठ्ठी टाचायची. चिठ्ठीवर पात्राचं नाव नसायचं. नावं घेऊन आम्हाला काय करायचंय? राजा, राणी, प्रधान, शिपाई, दुष्ट, एवढं बांधणाऱ्याला कळलं की पुरे. दुष्टाला काळा. पण काळ्या मखमलीचे पोशाख आमच्याकडे पहिल्यापासून मोजकेच, आणि डिसेंबरात एकाच दिवशी सात-आठ शाळा. म्हणून अब्बांनी नियम करून टाकला होता, की एका नाटकात काळा पोशाख एकालाच मिळेल. एखाद्या शाळेच्या बाईंनी दोन दुष्ट मागितले तर ते अगदी गंभीरपणे सांगायचे, "बाई, एकाला सुधारा." बाई निमूटपणे सुधारायच्या.

मी त्या घरात सून म्हणून आले ती बी.ए.ला मराठी घेऊन. माझे वडील कॅम्पात शिंपीकाम करायचे, त्यामुळे कापड मला नवं नव्हतं. घरात आमची बोली दखनी-हिंदीची मिसळ. इथे मात्र सगळं मराठीत लिहिते आहे, कारण मला राग मराठीत नीट लिहिता येतो. दुकानात गिऱ्हाइकांसमोर नवऱ्याला अहो म्हणता म्हणता घरातही ते अहोच झाले.

हे धाकटे. थोरले माझे मोठे दीर, भाईजान. गल्ला, गिऱ्हाईक, शाळांच्या मुख्याध्यापकांशी बोलणं सगळं भाईजानकडे. आमच्या ह्यांच्याकडे धुणं, इस्त्री आणि टाचण्या. तेव्हा कर्वेनगर आणि वारजे या बाजूला शाळेमागून शाळा निघत होती, सोसायटीमागून सोसायटी उभी राहत होती. तिकडच्या आया दोन-दोन तास ट्रॅफिकमध्ये घालवून पेठेत यायच्या आणि पार्किंग मिळालं नाही म्हणून आमच्यावरच चिडायच्या. तिकडे दुकान टाकावं हे मला सुचलं. आणि माझ्या आधी ह्यांनाही सुचलं होतं. लाँड्रीच्या पावतीच्या पाठीमागे ह्यांनी पाटीचा आकार काढून ठेवला होता, अक्षरं कुठल्या रंगात तेसुद्धा लिहून. मला तो कागद दाखवला तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. मी ते चित्र पाहिलं आणि मला हा माणूस लग्नानंतर पहिल्यांदाच फार आवडला.

पण बोलायची हिंमत होईना. आज सांगतो, उद्या सांगतो, सीझन होऊ दे, ईद होऊ दे. असं वर्ष गेलं. मग मी म्हटलं, "आयुष्यभर टाचण्याच मोजणार आहात का? तोंड दिलंय ना अल्लानं?" लागेल असंच बोलले मी. आणि लागलं. ते म्हणाले, बरं, सांगतो. मी म्हटलं, अब्बांसमोर बसून सांगा. मी चहा घेऊन येते आणि मीही बसते. नाही म्हणाले तर नाही, पण समोर बसून.

हे वाक्य मी सोळा वर्षं घोकते आहे. समोर बसून.

त्यानंतरच्या शुक्रवारी दुपारी मी कर्वेनगरच्या गाळ्यात रंगाऱ्याच्या मागे उभी होते. गाळा भाड्यानं घेतला होता, तेवढी मजल आम्ही मारली होती. दारात टेम्पो थांबला आणि त्यातून सहा ट्रंका उतरल्या. पेठेतल्या दुकानात मधल्या फळीवर असायच्या त्याच. अब्बांनी स्वतःच्या हातानं जर लावलेले अंगरखे, मंदील, कमरपट्टे, घरातलं सगळ्यात चांगलं जे काही होतं ते त्या सहांत होतं. मी विचारलं, "अब्बांना सांगितलं?" हे म्हणाले, "सांगतो." अब्बा आणि भाईजान जुम्म्याच्या नमाजाला गेले होते, तेवढ्यात हे काम उरकलं होतं.

मी म्हटलं, परत न्या. ते म्हणाले, आता परत नेल्या तर जास्त तमाशा होईल. मी दहा मिनिटं भांडले, आणि मग ट्रंका आत घ्यायला रंगाऱ्याला सांगितलं. हेही माझंच. ते मी टाळत नाही.

अब्बा नमाजाहून आले, फळी पाहिली आणि पायरीवर बसले. ओरडले नाहीत. भाईजानला एवढंच म्हणाले, "मागितल्या असत्या तर दिल्या असत्या." मग वर जाऊन आडवे झाले. त्यांना साखर होती, दोन वर्षांपूर्वी छातीत दुखून हॉस्पिटलात राहून आले होते, हे सगळं खरं. पण त्या दिवसानंतर ते गोळ्या घ्यायला विसरायला लागले, आणि बाविसाव्या दिवशी गेले. मला त्यांचा चेहरा लांबून बघू दिला, पण जवळ जाऊ दिलं नाही.

चाळिसाव्याला, म्हणजे अब्बा गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, घर भरलं होतं. ह्यांची एक आत्या, जी एरवी कोणाच्या लग्नालाही वेळेवर येत नाही, ती त्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. ती म्हणाली, "ही काय मौत आहे का? हा खून आहे. मुलगा बिचारा साधा. बायकोनं कान भरले." बायका माझ्याकडे बघायला लागल्या. दाराच्या पलीकडे पुरुषांत हे बसले होते. आत्याचा आवाज असा, की पलीकडच्या गल्लीतही गेला असेल. मी वाट पाहत होते. आता उठतील, आता म्हणतील, ट्रंका मी नेल्या, ती तिथे नव्हतीसुद्धा. ह्यांनी टोपी सारखी केली आणि चटईकडे बघत राहिले.

आमचे हे स्वभावानं गरीब. सकाळचा चहा आजही तेच करतात, माझी कंबर धरली तर तेल चोळून देतात. गरीब स्वभावाच्या माणसाचं एक बरं असतं, त्याच्यावर कोणाचा संशय जात नाही. जो काही संशय असतो तो शेजारी बसलेल्या तोंडाळ बायकोवर जातो, आणि मी तोंडाळ आहेच.

तेव्हापासून दर वर्षी अब्बांच्या बरसीला आम्ही पेठेतल्या घरी जातो. फातिहा होते, मग जेवण. खाना, म्हणजे आमच्याकडचा तुपातला मोकळा भात, त्यावर दालचा, म्हणजे मटण घातलेली आंबट डाळ, आणि शिरा. त्या जेवणाला माझा हात लागू देत नाहीत. तोंडानं कोणी बोलत नाही. पहिल्या वर्षी मी पातेल्यातला डाव हातात घेतला तर सासूबाईंनी तो हळूच काढून घेतला आणि मोठ्या जावेच्या हातात दिला. म्हणाल्या, "तू बस, दमली असशील." सोळा वर्षं मी त्या घरात दमलेलीच आहे. कांदा चिरायलासुद्धा देत नाहीत. ज्यानं ट्रंका नेल्या तो मात्र बाहेर इमामसाहेबांच्या शेजारी बसून अब्बांच्या नावानं हात उचलतो.

मी जाणं का बंद केलं नाही, असं मला एका मैत्रिणीनं विचारलं. न जायला मी काय केलंय? जो जात नाही तो गुन्हा मान्य करतो. मी दर वर्षी नवी साडी नेसून जाते.

हे असंच चाललं असतं. पण मागच्या जानेवारीत मुलगी दुकानात आली. ती खराडीला एका आयटी कंपनीत आहे, आणि त्यांच्या ऑफिसच्या अ‍ॅन्युअल डेच्या कमिटीत तिनं स्वतःहून नाव दिलं होतं. म्हणजे कपडे फुकट, हे कमिटीनं धरलेलंच होतं. टीममधल्या एकानं कुठलीशी जुनी परदेशी शोकांतिका चाळीस मिनिटांत बसवली होती.

दुपारची जेवणाची वेळ. मी डबा उघडत होते, हे चिठ्ठ्या लिहायला बसले होते, आणि मुलगी गोष्ट सांगत होती. "एक सरदार असतो. एकदम लॉयल, ब्रेव्ह वगैरे. त्याला वाटतं आपण राजा व्हावं. पण त्याच्यात तेवढा दम नसतो. मग त्याची बायको त्याला कन्व्हिन्स करते. राजा त्यांच्याकडे पाहुणा म्हणून येतो आणि मर्डर होतो. बेसिकली ती मेन कल्प्रिट असते."

"सुरी कोण चालवतं?" मी विचारलं.

"तो. पण तिनं पुश केलं ना, मम्मी. तिनं केलं नसतं तर त्यानं काहीच केलं नसतं."

ह्यांनी मान डोलावली आणि चिठ्ठ्या लिहिल्या. मी पोळीचा घास घेता घेता वाचल्या. राजाच्या गाठोड्यावर राजा. सरदाराच्या गाठोड्यावर सरदार. पुढे राणी होणाऱ्या त्या बायकोच्या गाठोड्यावर, ह्यांच्या त्या गोल, सुबक अक्षरात, दुष्ट.

घास तोंडातच राहिला. मी डबा बंद केला. राणीच्या गाठोड्याची चिठ्ठी ओढून काढली, टाचणीनं बोट फुटलं. मी म्हटलं, "अहो, खून कोणी केला?"

"अगं, नाटक आहे."

"नाटकात कोणी केला?"

"सरदारानं."

"मग हिच्यावर दुष्ट का?"

"रीत आहे आपली. एकाच्याच अंगावर काळा जातो. आणि सगळे तसंच म्हणतात ना त्या बाईला."

सगळे तसंच म्हणतात. मी मुलीसमोर बोलत नसे, इतकी वर्षं बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. तो शुक्रवार, टेम्पो, सहा ट्रंका, चाळिसाव्याची चटई, सगळं. दाराशी एक गिऱ्हाईक लहान मुलीचे परीचे पंख परत करायला उभं होतं, ते पंख काउंटरवर ठेवून पावतीसुद्धा न घेता गेलं. मुलगी आधी माझ्याकडे आणि मग बापाकडे बघायला लागली. हे उठून आतल्या खोलीत इस्त्री लावायला गेले. इस्त्रीला काहीही नव्हतं.

मुलगी हळूच म्हणाली, "पण चुलत भावंडं तर म्हणतात की..."

"काय म्हणतात ते मला माहीत आहे. तू काय म्हणतेस?"

"मला वाटायचं, तूच..." आणि ती थांबली. एवढ्या वर्षांत मला कोणी इतकं दुखावलं नव्हतं. जगानं काय वाटेल ते म्हणावं, त्याला मी पुरून उरते. पण माझ्या पोरीनं लहानपणापासून माझ्या हातचं जेवताना मनात हे धरून ठेवलेलं होतं. तेव्हाच मी ठरवलं, की हिला हे माझ्या तोंडून कळून उपयोग नाही. माझं तोंड आधीच बदनाम आहे. बापाच्या तोंडून कळलं पाहिजे, आणि ते याच बरसीला.

त्या रात्रीपर्यंत मी वाट पाहिली नाही. तिसऱ्या प्रहरीच माळ्यावरून दुसरा काळा पोशाख काढला आणि सरदाराच्या गाठोड्यात बांधला. एका नाटकात दोन काळे. आमच्या दुकानाच्या इतिहासात पहिल्यांदा. ह्यांनी पाहिलं आणि पुन्हा इस्त्रीकडे वळले.

शुक्रवारी मी गाठोडी घेऊन खराडीला गेले. ड्रेपरीवाल्यानं नुसते कपडे पाठवून चालत नाही, पात्रांना चढवूनही द्यावे लागतात. नाहीतर कमरपट्टा गळ्यात घालणारे इंजिनियर मी पाहिले आहेत. काचेच्या त्या इमारतीत एका मीटिंगच्या खोलीत मेकअप चालला होता. नाटक बसवणारा मुलगा टीम लीड होता, दाढी कोरलेली, बोलणं अतिशय नम्र.

"काकू, सरदार व्हाइट ठरला होता ना? ब्लॅक फक्त क्वीन. ऑडियन्सला क्लिअर व्हायला हवं."

"काय क्लिअर?"

"की ईव्हिल कोण आहे."

"खून करून बाहेर कोण येतं तुमच्या नाटकात?"

"सरदार. पण तिच्यामुळे."

"तुम्ही परवा दिवशी कामात काही मोठी चूक केलीत आणि साहेबांना सांगितलंत, की बायकोनं सांगितलं म्हणून केलं, तर चालेल का?"

तो हसला. मी हसले नाही. राणी झालेली मुलगी आरशातून आमच्याकडे बघत होती, ती म्हणाली, "काकू, मलाही हाच डाउट होता." मग त्यानं हात वर केले. पांढरा पोशाख मी आणलेलाच नव्हता, त्यामुळे त्याच्याकडे दुसरा उपायही नव्हता. दोघंही काळ्यात स्टेजवर गेली.

नाटक बरं झालं. सरदार वाक्यं विसरला, राणीनं सांभाळून घेतलं. शेवटी कोणीतरी मोठे साहेब स्टेजवर येऊन म्हणाले, सगळं छान, फक्त व्हिलन नक्की कोण ते समजलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागे उभी राहून सेफ्टी पिना गोळा करत होते, आणि मला फार बरं वाटत होतं.

येताना गाडीत येरवड्याचा पूल आला तेव्हा मुलगी म्हणाली, "मम्मी, तू पुश तर केलंसच ना?"

"केलं. दुकान काढा म्हणून केलं. मला दुकान हवं होतं. मला त्या पाटीवर रंग हवा होता, माझ्या हातात किल्ली हवी होती. बाईनं काही मागितलं की तो लोभ, आणि पुरुषानं मागितलं की कर्तबगारी, हे मला मान्य नाही. पण चोरी कर असं मी कोणाला सांगितलं नाही. आणि त्यांनी केली तेव्हा ते दुधपीते नव्हते. चाळीस वर्षांचे होते."

"मग पप्पा कधी बोलले का नाहीत?"

"हे तू त्यांना विचार. रविवारी, सगळ्यांसमोर."

रविवारी गेलो. दुपारचा, जुहरचा नमाज झाला, फातिहा झाली. इमामसाहेब जेवून गेले. मग घरचीच माणसं उरली. जेवणाचं लांब कापड, दस्तरखान, जमिनीवर अंथरलं, त्या घरात अशा वेळी सगळे एकत्रच बसतात. सासूबाई भिंतीला टेकून खुर्चीवर, आता ऐंशीच्या पुढे, पण नजर शाबूत. भाईजान, मोठी जाऊ, त्यांची मुलं, आत्या अर्थातच. मोठ्या जावेनं वाढायला घेतलं. मी सवयीनं कडेला बसले होते, दमलेली.

आत्या माझ्या साडीकडे बघून म्हणाली, "दुकान जोरात दिसतंय."

"जोरात आहे," मी म्हटलं. "मी काढायला लावलं म्हणून आहे. ते माझं श्रेय कोणी देत नाही, म्हणून मीच घेते. भाईजान, एक सांगायचं आहे. तुम्ही सगळे म्हणता, की मी भरीस घातलं. घातलं. अब्बांसमोर बसून सांगा, असंही मीच म्हटलं होतं. त्या शुक्रवारी मी या घरात नव्हते. ट्रंका मी उचलल्या नाहीत, मागितल्या नाहीत. उतरवून घेतल्या, तेवढा दोष माझा. बाकीचा ज्याचा आहे त्यानं घ्यावा."

हे भातात बोटं घालून तसेच बसले. मला वाटलं, संपलं, आता पुढची सोळा वर्षं. तेवढ्यात मुलीनं घास खाली ठेवला. तिनं बापाकडे बघून विचारलं.

"पप्पा, ट्रंका कोणाच्या सांगण्यावरून नेल्या?"

ह्यांनी मान वर केली नाही. खाली बघतच म्हणाले, "माझ्याच. हिनं समोर बसून सांगा म्हटलं होतं. अब्बांसमोर बसायची माझी छाती झाली नाही. म्हणून ते नमाजाला गेल्यावर नेल्या. हिला माहीत नव्हतं."

मी या क्षणाची इतकी वर्षं वाट पाहिली होती, की तो आल्यावर मला काय वाटेल ते मी ठरवून ठेवलं होतं. आत्या पाणी पाणी करेल, भाईजान उठून उभे राहतील, मोठी जाऊ रडेल. मी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. भाईजान भात कालवत होते. मोठ्या जावेनं ओढणी सारखी केली. कोणालाही धक्का बसलेला नव्हता. एकालाही नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हटलं.

बोलल्या सासूबाई.

"मी गॅलरीत होते त्या दिवशी. त्यानं एकट्यानं टेम्पो भरला. वर बघून मला हात जोडले त्यानं. मीच थोरल्याला सांगितलं, आणि मीच म्हटलं, त्याचं नाव काढायचं नाही." त्यांचा आवाज अगदी साधा होता, दुधाचा हिशेब सांगावा तसा. "नवरा गेला होता. मुलाला खुनी म्हटलं असतं तर दोघं भाऊ पुन्हा एका चटईवर बसले नसते. कोणाला तरी बोलायला पाहिजेच होतं. तू बाहेरून आलेली. तुझ्यावर घातलं आणि घर राहिलं."

त्यांचा खरंच गैरसमज झाला होता, असं मी समजत होते. गैरसमज असता तर दूर झाला असता. घरच्या सगळ्यांनी मिळून बसून ठरवलं होतं, की दोष हिला द्यायचा. आणि त्यात माझा नवरा हात जोडून उभा होता. त्यांच्याकडे मी पाहिलं तर ते रडत होते. मला त्यांची दया आली नाही. पुढे कधी येईल तर येवो, त्या दिवशी आली नाही.

सासूबाईंनी मोठ्या जावेच्या हातातला डाव घेतला आणि माझ्यासमोर धरला. "झालं गेलं. आता तू वाढ. आजपासून तूच वाढ."

सगळे माझ्याकडे बघत होते. आत्याच्या चेहऱ्यावर तर असं काही कौतुक होतं, की जणू मला जहागीर मिळाली. हा डाव हातात यावा म्हणून मी दर वर्षी नवी साडी नेसून त्या घरात येत होते, आणि तो आता माझ्या नाकासमोर होता, तूप ओघळत असलेला.

"नाही, अम्मी," मी म्हटलं. "माफी गुन्हेगाराला देतात. मला ती नको. तुमचं घर माझ्या नावावर सोळा वर्षं चाललं, आता ज्याच्यासाठी चालवलंत त्याच्या हातात द्या हा डाव."

डाव तसाच राहिला हवेत. मी मुलीच्या शेजारी जागा करून ऐन मधोमध बसले आणि ताट पुढे ओढलं. हे उठले. त्या घरात पुरुषानं बायकांना कधी वाढलेलं नव्हतं. ह्यांनी आईच्या हातातून डाव घेतला, पातेलं उचललं आणि पहिल्यांदा माझ्यासमोर येऊन वाकले. वाढायची सवय नव्हती, भात ताटाबाहेर सांडला.

"अजून वाढा," मी म्हटलं. "मला भूक आहे."